वर्गात निर्भीडपणे प्रश्न विचारते

शाळेच्या फाटकातून आत आलं की मला बाबा म्हणायचं नाही, हा नियम मीच केला होता. मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी आष्ट्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आमच्यातले बरेच जण स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात घालतात आणि उन्हाळ्यात दारोदार फिरून लोकांची मुलं आपल्या शाळेसाठी मागतात. मला त्याची लाज वाटायची, म्हणून मी मुलीला माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात घातलं. गावात त्याचं कौतुक झालं. ते कौतुक मला आवडलं, हेही सांगून टाकतो.

रोज सकाळी मोटरसायकलवर माझ्या पाठीला बिलगून ती यायची. फाटकापाशी उतरायची, दप्तर सारखं करायची आणि म्हणायची, "येते, बाबा." चार पावलं आत गेलं की मी सर. मास्तर आपल्या पोरीला सांभाळून घेतो असं कुणी म्हणू नये, याची मला फार काळजी. त्यामुळे गृहपाठ आधी तिचा तपासायचा, ओरडा आधी तिला, आणि बक्षीस द्यायची वेळ आली की तिचा नंबर शेवटी. दुसरीत असताना एकदा घरी जेवताना ती मला म्हणाली, "सर, भाकरी द्या." बायको हसली. मीही हसलो.

त्या वेळी ती खूप विचारायची. ढगाला वजन असतं का, आंधळ्या माणसाला स्वप्नात दिसतं का, विहिरीतलं पाणी उन्हाळ्यात जातं ते कुठल्या वाटेनं जातं. वर्गात विचारलं की मी म्हणायचो, आधी धडा संपू दे. घरी विचारलं की म्हणायचो, आता शाळा सुटली.

ती चौथीत असताना शिक्षण खात्यातल्या साहेबांची शाळाभेट ठरली. आमच्या शाळेत शिक्षक दोनच, मी आणि एक बाई. भिंती मोकळ्या दिसायला नकोत म्हणून आम्ही दोघांनी दोन दिवस शाळा सुटल्यावर बसून तक्ते तयार केले. पाण्याचं चक्र, पिकांचे हंगाम, फुलाचे भाग. अक्षर मुद्दाम थोडं वाकडं काढलं आणि प्रत्येक तक्त्याखाली लिहिलं, 'विद्यार्थी निर्मित'. सगळीकडे असंच करतात. भेटीला येणाऱ्यांनाही ते माहीत असतं, आणि ते विचारत नाहीत.

या साहेबांनी विचारलं. माणूस भला होता, सहज कौतुकानं विचारलं. पुढच्या रांगेत माझी मुलगी बसली होती. "बाळ, एवढे सुंदर तक्ते कुणी केले?" ती उभी राहिली आणि म्हणाली, "सरांनी आणि बाईंनी."

साहेब हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्गाकडे गेले. शेरेबुकात त्यांनी काही वाईट लिहिलं नाही. चहा घेऊन, आमच्या बाईंची चौकशी करून गेले. त्यांची गाडी वळणापलीकडे गेली, मी वर्गात आलो आणि सगळ्या मुलांसमोर तिच्या थोबाडीत मारली. मग शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. मी वर्गावर काय शिकवत होतो ते आठवत नाही. दारातून तिची एक वेणी तेवढी दिसत होती, ती आठवते.

ती रडली नाही. घरी जाताना मात्र तिनं मला धरलं नाही. मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ती मागे सरकून बसली, आणि त्या दिवसापासून तशीच बसत आली.

नंतर तिचं विचारणं हळूहळू बंद झालं. मला ते लक्षात आलं नव्हतं असं नाही. पोरगी आता शहाणी झाली, असा मी त्याचा अर्थ लावला. वर्षाच्या शेवटी प्रगतीपुस्तकात तिच्याविषयी मी लिहिलं, 'वर्गात निर्भीडपणे प्रश्न विचारते. शाळेत आनंदाने येते.' गुणांबरोबर अशा नोंदी लिहाव्या लागतात. प्रत्येक मुलाविषयी वेगळं काय लिहायचं हा प्रश्न असतो, म्हणून शिक्षकांमध्ये तयार नोंदींच्या याद्या फिरत असतात. आमच्या आसपासच्या शाळांत जी यादी फिरते ती मीच टाइप केलेली आहे. माझं अक्षर आणि माझी भाषा चांगली म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

पाचवीला ती आष्ट्यातल्या हायस्कूलला गेली. तिथे दर सोमवारी तिचं पोट दुखायचं. पुढे मंगळवारीही दुखू लागलं. सांगलीला नेऊन सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. गुण बरे पडत होते, शिक्षकांची तक्रार नव्हती. तिचे वर्गशिक्षक एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, तुमची मुलगी फारच शांत आहे, वर्गात आहे की नाही कळत नाही. त्यांनी ते चांगलं म्हणून सांगितलं होतं.

गेल्या वर्षी आठवी सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी ती गणवेश घालून पायरीवर बसली होती, बूट मांडीवर. म्हणाली, "मला घरी शिकू द्या. मी आळस करणार नाही."

मी तिला समजावलं. चिडलोही. कायदा सांगितला, दहावीचं भय घातलं. बायको आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "एक वर्ष बघू या की. पोट दुखत शिकून तरी काय शिकायलीय ती?" दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण तो फॉर्म नापास झालेल्यांनी आणि लग्न झालेल्यांनी भरायचा, अशी समजूत. शिक्षकाच्या मुलीनं भरायचा म्हणजे काय, हे मला पुढच्या पाच मिनिटांत दिसून गेलं: बैठकीतल्या चेष्टा, शिक्षकांच्या ग्रुपवरचे हसरे चेहरे, आणि साताऱ्याला माझे वडील.

वडिलांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. लष्करातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. पाऊसपाणी, तब्येत, आणि मग ठरलेला प्रश्न, पोरगी कशी शिकतीय. मी मास्तर झालो याचा त्यांना आजही अभिमान आहे.

तरी मी होकार दिला. म्हणालो, शाळेत जाऊन तुझा दाखला काढून आणतो. त्या क्षणी तिनं माझ्याकडे जसं बघितलं तसं चौथीनंतर बघितलं नव्हतं.

दाखला मी काढला नाही. तिच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक माझे साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयातले सोबती. त्यांनी मला आत बसवलं, दार लोटलं आणि म्हणाले, नाव काढू नकोस. त्यांच्याकडे पट आधीच काठावर होता. आणखी एक मूल गेलं तर एक शिक्षक जादा ठरून दुसरीकडे जाणार होता. "नाव राहू दे. आमचा पट टिकतो, तुझंही झाकून जातं. पोरगी घरी काय करायचं ते करू दे," ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. घरी येऊन सांगितलं, दाखला मिळाला, कपाटात ठेवलाय.

तात्यांना सांगितलं, आठवीत आहे, चांगलं चाललंय.

त्या वर्षभरात ती घरी काय शिकली हे मी अभिमानानं सांगू शकत नाही, कारण त्यात माझा हात नाही. सुरुवातीचे दोन महिने ती नुसती झोपली. आठ-आठ वाजेपर्यंत झोपायची, दुपारी कपाटातली जुनी मासिकं वाचायची, संध्याकाळी आईबरोबर भाजीला जायची. मी घरी येऊन वह्या तपासायला मागायचो आणि वह्या कोऱ्या असायच्या. इंग्रजी तिनं टाळलं, इतिहासाला हात लावला नाही. मला मनातून बरं वाटायचं. आता स्वतःच कंटाळून परत जाईल आणि दाखल्याचं खोटं मिटून जाईल, असा हिशेब होता.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. ती दुरुस्तीला टाकायला मी तिला बरोबर नेलं. सांगली रस्त्याला एका चाचांचं वाइंडिंगचं दुकान आहे. भोवतालच्या उसाच्या पट्ट्यातल्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात. जळालेली तांब्याची तार छिन्नीनं कापून काढायची, आत किती वेढे होते ते मोजायचे, तेवढेच वेढे फर्म्यावर नव्यानं गुंडाळायचे, खाचांत कागद घालून बसवायचे, बांधायचे, वार्निश पाजून वाळवायचं. ती तासभर बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आईला सांगून पुन्हा गेली. मग रोज दुपारी जाऊ लागली.

दिवाळीपर्यंत तिच्या वहीत मोटरींची चित्रं भरली. वर्तुळ, त्यात चोवीस नाहीतर छत्तीस खाचा, कुठली तार कुठून निघून कुठे जाते ते तीन रंगांत. खाचांमधला कोन मी तिला कधी शिकवला नव्हता, पण तिनं तो स्वतः कंपास घेऊन काढला होता. एक वेढा कमी पडला तर काय होतं, याचं तिनं अर्धं पान लिहिलं होतं. मराठी साधी, चुका बऱ्याच, पण वाक्य एकही पाठ केलेलं नव्हतं.

डिसेंबरात मी दुकानात गेलो तेव्हा ती नव्हती. चाचांनी स्टूल पुढे केलं. म्हणाले, "गुरुजी, पोरगी लय हुशार हाय. हात बी थिर हाय तिचा. पन एक सांगू का, ती इचारत न्हाई. धा येळा बघती, चुकती, परत बघती, पन तोंडानं इचारत न्हाई. घरी लय वरडता का काय?"

मी हसून म्हणालो, लहानपणापासून अबोलच आहे ती.

 हातातल्या गुंडाळीचे वेढे मोजायचे राहिले होते, ते चाचांनी पहिल्यापासून मोजायला घेतले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागले. दुपारी मी घरी आलो तर बाहेरच्या खोलीत टेबलावर दोन प्रगतीपुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवली होती. एक चौथीचं, माझ्या अक्षरातलं. दुसरं आठवीचं. गल्लीतली तिची जुनी वर्गमैत्रीण सरांनी दिलंय म्हणून ते घरी देऊन गेली होती. पहिले दहा-बारा दिवस सोडले तर वर्षभर शाळेत न गेलेल्या माझ्या मुलीची हजेरी उत्तम होती. आणि खाली, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, तीच दोन वाक्यं होती: वर्गात निर्भीडपणे प्रश्न विचारते. शाळेत आनंदाने येते.

माझी यादी तिथेही पोहोचली होती.

मुलगी खिडकीत बसून तारेचा तुकडा सरळ करत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "ही बरी आहे की, बाबा. हिलाच ठेवून घ्या."

मी काहीतरी बोलत राहिलो. पट, शिक्षक जादा होणं, सरकारी नियम, तुझ्याच भल्यासाठी. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. बायको दारात उभी होती. रात्री ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लोणंदजवळ होतो. तिथे माळावर मेंढरं घेऊन उतरलेल्या एका कुटुंबातली मुलगी मी पटासाठी शाळेत आणली होती. तिच्या बापाला दोन दिवस समजावलं, शिक्षण म्हणजे डोळे वगैरे बोललो. ती मुलगी नुसती नजर टाकून सांगायची की कळपातली कुठली मेंढी आज आली नाही. माझ्या वर्गात तिला वीसपर्यंत अंक म्हणता येईनात म्हणून मी तिला पहिलीच्या मुलांत बसवलं. महिन्याभरात ती माणसं पुढे निघून गेली. नाव मात्र मी वर्षभर पटावर ठेवलं, आणि तिचीही नोंद लिहिली. काय लिहिलं ते आता आठवत नाही. यादीतलंच काहीतरी असणार.

यंदा शाळा सुरू झाल्यावर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आलं. सहा ते चौदा वयाचं, शाळेत न जाणारं मूल घरोघर जाऊन शोधायचं. मला माझाच भाग मिळाला, आमची गल्ली आणि शेजारच्या दोन. शनिवारी दुपारी मी कागद घेऊन फिरत होतो. शेजारच्या घरी विचारलं, पुढच्या घरी विचारलं, आणि आपल्या फाटकाशी आलो. आपलं घर सोडून पुढे जाणं सोपं होतं. पण पलीकडच्या काकू ओट्यावर बसून बघत होत्या, म्हणून मी रीतसर कडी वाजवली.

मुलीनं दार उघडलं. माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. मी थोडं हसत, चेष्टा केल्यासारखं, इतर घरी विचारलं तेच विचारलं: घरात शाळेत न जाणारं कोणी मूल आहे का?

ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, सर."

शाळेबाहेर तिनं मला सर म्हटलं ते दुसऱ्यांदा. या वेळी चुकून नव्हतं.

मी एक पाय पायरीवर ठेवून कागद गुडघ्यावर घेतला आणि आमच्या घराच्या ओळीत 'निरंक' लिहिलं. काही नाही, असं सांगायला आमच्या कागदपत्रांत हा शब्द वापरतात. तिनं ते वाचलं. दार लावलं, पण आपटलं नाही.

मी तिथून मुख्याध्यापक मित्राकडे गेलो. म्हटलं, दाखला दे. त्यानं नव्यानं लागलेल्या एका तरुण शिक्षिकेचं नाव काढलं. तिचं मूल दीड वर्षाचं आहे, जादा ठरली तर कुठे फेकली जाईल सांगता येत नाही. सप्टेंबरची पटपडताळणी होऊ दे, तोवर थांब. तो खोटं बोलत नव्हता. मी बरं म्हणालो. घरी येईपर्यंत मला पटलंही होतं की मी एका बाईची नोकरी वाचवतोय.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तात्यांचा फोन आला. मी पोहे खात होतो, त्यामुळे फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पाऊस झाला, गुडघे दुखतात, आणि मग, "पोरगी नववीत गेली न्हवं?"

मी घास गिळला. व्हय म्हणायला तोंड उघडलं. मुलगी समोर बसली होती. तिनं हात पुढे केला आणि फोन स्वतःकडे ओढला.

"तात्या, मी कितवीतच नाही. मी गेल्या वर्षीच शाळा सोडली."

 त्यांनी विचारलं, मग दिवसभर करतेस काय. आणि ती सांगू लागली. चाचा, छिन्नी, खाचा, तांब्याच्या तारेचा वास, पहिली मोटर तिनं एकटीनं बांधली आणि ती उलटी फिरली ते. तात्या मधून मधून विचारत होते आणि ती उत्तर देत होती. मी माझ्याच घरात बसून माझ्या मुलीविषयी पहिल्यांदा ऐकत होतो. 

शेवटी ते म्हणाले, तुज्या बाला फोन दे. तिनं स्पीकर बंद करून फोन माझ्याकडे दिला.

शाळेचं तात्या काहीच बोलले नाहीत. ते म्हणाले, "पोरगी खोटं बोलत न्हाई रं. तू कवापास्नं बोलाय लागलास?"

मी म्हणालो, नंतर बोलतो, आणि फोन ठेवला.

कधीपासून ते मला नेमकं माहीत होतं. मी आत गेलो, सर्वेक्षणाचे कागद आणले आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवले. 'निरंक' खोडून तिचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात स्थलांतर, घरकाम, आवड नाही असे पर्याय छापलेले होते. मी 'इतर' वर खूण केली आणि पुढच्या दोन बोटं जागेत लिहिलं, 'वडील शिक्षक असताना शाळेची भीती बसली. घरी शिकते.' खाली सही माझीच होती. उद्या हे बैठकीत वाचलं जाईल, दाखला काढल्यावर त्या शिक्षिकेचं काय होईल हे मला माहीत नाही, आणि त्या बाईंसमोर उभं राहायची माझी तयारी अजूनही नाही.

मुलगी कागद वाचत होती. मी म्हणालो, "ते चौथीतले तक्ते आम्हीच केले होते. तू खरं बोलली होतीस."

"माहितीय की," ती म्हणाली. "तुम्ही लिहीत होता तेव्हा कागद मीच धरला होता."

हे मी विसरलो होतो. दोन्ही दिवस ती शाळा सुटल्यावर माझ्यासाठी थांबलेली असायची. अर्थातच तिनंच धरला असणार.

तिनं कागद खाली ठेवला.  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग मला का मारलंत?"

मी तिचा शिक्षक होतो, बाप आहे, आणि इतकी वर्षं तिनं मला काही विचारलेलं नव्हतं. खूप उत्तरं तोंडाशी आली. ती सगळी यादीतल्यासारखी होती.

"मला भीती वाटली म्हणून," मी म्हणालो.

"कुणाची?"

मी पोह्यांची ताटली बाजूला सारली आणि तिच्याजवळ खुर्ची ओढली.